मुलगा पाच वर्षांचा झाला म्हणून तो वडिलांचा होत नाही: ताबा, भेट आणि पोटगी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडते. सात महिन्यांपासून तुम्ही दोन्ही मुलांना घेऊन साताऱ्याला माहेरी आहात. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. मुलाला जूनपासून साताऱ्याच्या शाळेत घातलंय. नवरा पुण्यात कंपनीत नोकरीला, पगार लाखाच्या आसपास. तुम्ही बालवाडीत शिकवता, चौदा हजार मिळतात. कोर्टात अजून कोणीच काही दाखल केलेलं नाही. चार महिन्यांत त्याच्याकडून एक पैसा आलेला नाही, आणि निरोप असा आहे की ‘मुलगा पाच वर्षांच्या वर गेला, कायद्याने तो माझा. मुलगी तू ठेव. पोटगीची केस टाकलीस तर मुलाला उचलून नेईन.’ वडिलांशी फोनवर बोललं की मुलगा रडतो, म्हणून तुम्ही फोन देणं बंद केलंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘पोटगी मागू की मुलगा वाचवू?’

मी वकील आहे आणि माझं बहुतेक काम कौटुंबिक न्यायालयातच चालतं. हाच प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्यासमोर वारंवार येतो आणि दरवेळी त्यात तीन गोष्टींची गाठ बसलेली असते. मुलं कोणाजवळ राहणार, हा ताब्याचा प्रश्न. दुसऱ्या पालकाला ती कधी आणि कशी भेटणार, हा भेटीचा प्रश्न. त्यांच्या खर्चाला कोण किती देणार, हा पोटगीचा प्रश्न. कायद्यात या तिन्हींचा विचार वेगवेगळा होतो. पैसे मिळाले नाहीत म्हणून भेट अडवता येत नाही, भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत, आणि पोटगी मागितली म्हणून ताबा जात नाही. तुमच्या नवऱ्याने ही गाठ मुद्दाम मारली की ऐकीव माहितीवर, ते मला इथून सांगता येणार नाही. पण तुम्ही ती सोडवून बघितलीत तर भीती बरीच कमी होईल.

आधी त्या पाच वर्षांबद्दल बोलू, कारण सगळा धाक तिथूनच येतोय. तुम्ही हिंदू आहात असं गृहीत धरते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ मध्ये अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई, असं म्हटलंय. त्याला जोडूनच एक अट आहे: पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे राहील. अट एवढीच. ‘पाच वर्षांनंतर ताबा वडिलांकडे जाईल’ असं वाक्य त्या कायद्यात कुठेही नाही. शिवाय ही अट मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखीच लागू आहे, त्यामुळे ‘मुलगा माझा, मुलगी तुझी’ ही वाटणी कुठल्याच कलमात बसत नाही. पाच वर्षांनंतर आईच्या बाजूने असलेलं झुकतं माप संपतं आणि दोघांचा विचार बरोबरीने होतो. तो कशाच्या आधारावर करायचा ते त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे: मुलाचं हित सर्वांत वर.

‘त्यांच्यानंतर आई’ या शब्दांनी घाबरू नका. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच याचा अर्थ लावून दिला आहे. वडील हयात असतानाही ते मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा प्रत्यक्षात त्यांचा सहभाग नसेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. आणि पालक असणं वेगळं, प्रत्यक्ष ताबा असणं वेगळं. वडील पालक राहतात आणि मूल आईजवळ राहतं, असे आदेश आमच्याकडे रोजचे आहेत.

मग कोर्ट बघतं काय? इथे बहुतेक जण गाफील राहतात. दोघांपैकी चांगला कोण, संसार कोणामुळे मोडला, कोणाच्या आईने काय म्हटलं, हे सगळं अर्जात पानंच्या पानं लिहिलेलं असतं. ताब्याच्या सुनावणीत त्यातलं फार थोडं उपयोगी पडतं. न्यायाधीशांना मुलाचा दिवस बघायचा असतो. सकाळी उठवतं कोण, डबा कोण करतं, शाळेत सोडतं कोण, ताप आला तर रजा कोण टाकतं, पालकसभेच्या वहीत सही कोणाची आहे. मूल आत्ता जिथे आहे तिथे स्थिरावलंय का, आणि तिथून हलवलं तर त्याला काय मिळेल, काय गमवावं लागेल. पगार जास्त म्हणून ताबा मिळत नाही. पगाराचा हिशेब पोटगीत होतो. लाख रुपये मिळवणारा बाप दिवसभर ऑफिसात आणि मूल आजीच्या भरवशावर असेल, तर तोही मुद्दा येतो. अर्थात उलट बाजूने तुमच्याबद्दलही विचारलं जाईल. तुम्ही शाळेत असताना मुलगी कोणाजवळ असते? माहेरी जागा किती? भाऊ-वहिनीचं म्हणणं काय? उत्तरं तयार ठेवा आणि खरी द्या. कौटुंबिक न्यायालयाचे समुपदेशक घरभेट देऊ शकतात.

दोन भावंडांना एकमेकांपासून तोडायला न्यायालयं सहसा तयार होत नाहीत. सात वर्षांच्या दादाला तीन वर्षांच्या बहिणीपासून वेगळं का करायचं, याचं भक्कम कारण तुमच्या नवऱ्याला द्यावं लागेल, आणि ‘वंशाला हवा’ हे तसं कारण नाही. तुमच्या बाजूचा हा मोठा मुद्दा आहे. अर्जात तो स्वतंत्र परिच्छेदात लिहून घ्या.

मुलाला कोर्टात विचारतात का, असं खाली प्रतिक्रियांमध्ये एका ताईंनी विचारलंय. पालक व पाल्य अधिनियम १८९० च्या कलम १७ मध्ये, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर ती विचारात घेता येते असं आहे. वय ठरवून दिलेलं नाही. सातव्या वर्षी न्यायाधीश मुलाशी बोलतील, पण त्याच्या एका वाक्यावर निकाल देणार नाहीत. हे बोलणं चेंबरमध्ये होतं, आईवडील आणि वकील बाहेर. माझ्या एका प्रकरणात आठ वर्षांचा मुलगा आत गेला. न्यायाधीश बाईंनी शाळा, मित्र, क्रिकेट असं बोलत बोलत बाबांचा विषय काढला. पोरगा एकदम ताठ बसून म्हणाला, ‘बाबांनी आमचा मानसिक छळ केला.’ त्यांनी शांतपणे विचारलं, छळ म्हणजे काय रे? त्याला सांगता येईना. तो दाराकडे बघायला लागला. पढवलेलं पोर असं दोन मिनिटांत ओळखू येतं, आणि त्याची किंमत पढवणाऱ्याला मोजावी लागते. मुलाला कोर्टाची तयारी म्हणून काहीही सांगू नका. मोबाइलवर त्याचं ‘मला बाबांकडे नाही जायचं’ रेकॉर्ड करू नका. इतकंच सांगा की तिथे एक काका किंवा मावशी बोलतील, जे वाटतं ते खरं सांग.

आता तुमच्या बाजूची कच्ची जागा सांगते. बाकीच्यांनी खाली ‘बरं केलंत’ म्हणून लिहिलंय, तरी स्पष्टच बोलते. फोन बंद करणं तुम्हाला महागात पडेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलं की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम आणि सहवास मिळायला हवा, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा फोन, व्हिडिओ कॉल असा संपर्क तरी राहिला पाहिजे. त्याआधी २०१७ मध्ये विवेक सिंग प्रकरणात एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याबद्दल न्यायालयाने सविस्तर लिहिलं आहे. तुमचा हेतू तसा नाही हे मला कळतं. पण सहा महिन्यांनी समोरचे वकील कॉलची यादी लावतील: इतके फोन केले, एकही उचलला नाही. मग तुमच्या चांगल्या प्रकरणाला पहिलाच डाग तो लागेल.

आणि कोर्ट घडीभर सोडून द्या. मुलगा फोननंतर रडतो, कारण त्याला बाबांची आठवण येते. सात वर्षांच्या मुलाचं हे रडणं साहजिक आहे. फोन बंद केला म्हणून आठवण थांबत नाही. उलट बाबांनी आपल्याला टाकलं, असं त्याच्या मनात बसतं. म्हणून आजच नवऱ्याला साधा मेसेज टाका: बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सात ते साडेसात मुलं फोनवर असतील, महिन्यातून दोन रविवार साताऱ्यात येऊन भेटू शकता. भाषा सरळ ठेवा, टोमणा नको. त्याने प्रतिसाद दिला तर मुलांचं भलं, नाही दिला तर मेसेज तुमच्याकडे राहीलच. मारहाण, दारू, मुलाला पळवून नेण्याची खरी भीती असेल तर चित्र वेगळं. तेव्हा भेट देखरेखीखाली, न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत समुपदेशकांसमोर मागायची. तुमच्या लिहिण्यात मारहाणीचा उल्लेख नाही, म्हणून मी साध्या भेटीबद्दल बोलतेय. झाली असेल तर वकिलाला आधी ते सांगा. त्याने सगळी मांडणी बदलते.

त्या ‘उचलून नेईन’चं काय? कोर्टाचा आदेश नसताना वडिलांनी मुलाला नेलं, तर पोलीस बहुधा ‘वडीलच आहेत’ म्हणून हात वर करतात, आणि त्याला आधारही आहे: वडील नैसर्गिक पालक असल्याने, ताब्याचा आदेश नसताना त्यांनी मूल नेणं अपहरण ठरत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. म्हणूनच मी तुम्हाला वाट बघू नका म्हणते. पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज करून कलम १२ प्रमाणे अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, ताबा आणि मुलाला नेण्यास मनाई, दोन्ही मागता येतात. असा आदेश हातात असला की कोणी त्याविरुद्ध मूल नेलं तर न्यायालय आणि पोलीस दोघांकडे जाता येतं. त्याआधीच नेलं, तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करा अशी) याचिका करता येते, पण ती धावपळ आणि तो खर्च टळलेलाच बरा. शाळेला मात्र आजच लेखी पत्र द्या की मुलाला शाळेतून नेण्यास कोण येईल. पोच घ्या.

अर्ज कुठे करायचा? ताब्याचा अर्ज मूल जिथे सर्वसाधारणपणे राहतं त्या ठिकाणच्या न्यायालयात होतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे ते, नसेल तर जिल्हा न्यायालय. सात महिने साताऱ्यात राहणं, शाळेचा दाखला, डॉक्टरांचे कागद या सगळ्यावर साताऱ्यात अर्ज करायला तुमच्याकडे चांगला आधार आहे. समोरून ‘मुलं पुण्याचीच, तात्पुरती नेली’ असं म्हणणं येईल. त्यावर वाद होऊ शकतो, निकाल कागदांवर ठरेल. घटस्फोटाची केस कोणी टाकली तर हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या कलम २६ खाली मुलांचे प्रश्न त्याच केसमध्येही येऊ शकतात. पण ताब्यासाठी किंवा पोटगीसाठी घटस्फोट मागायलाच हवा असं अजिबात नाही. लग्न तसंच ठेवून दोन्ही मागता येतात. तुमचं घटस्फोटाबद्दल मन झालेलं नाही असं तुम्ही लिहिलंय, तर घाई करू नका.

इथपर्यंतचं थोडक्यात: मुलगा पाच वर्षांचा झाल्याने तुमचा हक्क गेलेला नाही, भावंडं एकत्र राहण्याकडे न्यायालयाचा कल असतो, फोन आणि भेट सुरू करा, अंतरिम ताब्याचा अर्ज लांबवू नका. आता पैसे.

मुलांची पोटगी हा मुलांचा हक्क आहे. तुम्ही आई म्हणून तो मागता, इतकंच. म्हणून ‘पोटगी सोड, मुलगा ठेव’ असा सौदा तुम्ही स्टॅम्पपेपरवर लिहून दिलात तरी मुलांचा हक्क बुडत नाही. तुम्ही कमावता म्हणूनही वडिलांची जबाबदारी संपत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ च्या कलम २० प्रमाणे मुलांना पोसण्याची जबाबदारी आईवडील दोघांची आहे, आणि ज्याची ऐपत जास्त त्याचा वाटा जास्त.

सर्वांत सोपा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ ते हेच. १ जुलै २०२४ पासून नवा क्रमांक लागू झाला, पण लोक अजून ‘एकशे पंचवीसची केस’च म्हणतात. हा कायदा धर्म बघत नाही. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी सगळ्यांच्या मुलांना लागू. (ताब्याचे वैयक्तिक कायदे मात्र वेगवेगळे आहेत आणि गोव्यात कौटुंबिक बाबींना तिथला वेगळा नागरी कायदा आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी वर लिहिलेलं कलम ६ आपल्याला जसंच्या तसं लावून घेऊ नये.) तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे साताऱ्यातच हा अर्ज होतो, पुण्याला हेलपाटे नकोत. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावायलाच वेळ जातो. बेलिफ, म्हणजे नोटीस पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी, ‘घर बंद’ असा शेरा मारून परत येतो, मग पुढची तारीख. त्यामुळे घरच्या पत्त्याबरोबर कंपनीचा पत्ताही अर्जात द्या.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ खालीही मुलांचा खर्च (कलम २०) आणि तात्पुरता ताबा (कलम २१) मागता येतो, पण हिंसाचार खरोखर झाला असेल तरच त्या वाटेला जा. त्यात केवळ मारहाण येत नाही, घरखर्चाचे पैसे अडवून कोंडी करणं हाही आर्थिक छळ म्हणून त्या कायद्यात धरलेला आहे. तुमच्या चार महिन्यांचा विचार वकिलाने या नजरेनेही करावा. एकाच वेळी दोन ठिकाणी अर्ज चालले तर एकीकडची रक्कम दुसरीकडे सांगावी लागते, ती वळती होते. लपवू नका.

किती मिळेल? ठरलेलं सूत्र नाही. ‘पगाराच्या पंचवीस टक्के’ असं जे ऐकू येतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून आलेलं आहे. तो आकडा त्या प्रकरणापुरता आणि पत्नीच्या पोटगीबद्दल होता. मुलांसाठी गरज आणि ऐपत, दोन्ही बघतात. आणि यासाठी २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल सर्वांत कामाचा आहे. प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. २०१३ पासून पत्नीला दरमहा पंधरा हजार आणि मुलाला आधी पाच, नंतर दहा हजार अंतरिम पोटगी लागली होती, आणि त्या आदेशाविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ४ नोव्हेंबर २०२० ला न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होईल. आई पुरेसं कमावत असेल तर मुलांच्या शिक्षणाचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घेता येईल.

‘अर्जाच्या तारखेपासून’ हे शब्द लक्षात ठेवा. गेल्या चार महिन्यांचं बहुधा हातून गेलं. आणखी चार महिने विचार करण्यात घालवलेत तर तेही जातील.

प्रतिज्ञापत्राला लोक फॉर्म समजून घाईने भरतात. माझ्या मते सगळी केस तिथे जिंकली किंवा हरली जाते. एका नवऱ्याने पगार पंचेचाळीस हजार लिहिला होता. आम्ही बँकेचा उतारा मागवला. त्यात दर महिन्याच्या पाच तारखेला गृहकर्जाचा बावन्न हजारांचा हप्ता नियमित जात होता. उलटतपासणीची गरजच पडली नाही. नवऱ्याचा फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं तुमच्याकडे नसतील तर ती हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडे मागता येतो. कंपनीचं नाव, हुद्दा, गाडी, फ्लॅट, भाडं येत असेल तर ते, जे ठाऊक आहे ते सगळं लिहा. आयकर, व्यवसाय कर अशा सक्तीच्या कपाती वजा होतात. नव्याने काढलेल्या कर्जाचा हप्ता दाखवून ‘हातात काही उरत नाही’ म्हणणं न्यायालय सहसा ऐकत नाही. नोकरी सोडली म्हणणंही नाही. धडधाकट माणसाने कष्ट करून बायको-मुलांना पोसायला हवं, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलंय.

तुमच्या बाजूने एक वही घाला. ‘मुलांचा खर्च वीस हजार’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: मुलाची शाळेची फी वर्षाला ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. रिक्षावाल्या काकांचे १,२००. वह्या, गणवेश, बूट वर्षाचे ९,०००, म्हणजे ७५०. मुलीची बालवाडी १,५००. दूध, फळं, किराण्यातला दोघांचा वाटा ६,५००. डॉक्टर आणि औषधं सरासरी १,२००. ही झाली १४,६५० ची बेरीज, आणि यात राहण्याच्या जागेचा, कपड्यांचा, सणावाराचा, पुढे लागणाऱ्या शिकवणीचा खर्च अजून धरलेला नाही. आकडे मी उदाहरणादाखल घेतले, तुमचे तुम्ही घाला. प्रत्येकाला पावती किंवा फोनवरून केलेल्या पेमेंटचा पुरावा जोडा. भाऊ घरभाडं घेत नाही म्हणून मुलांच्या राहण्याचा खर्च शून्य होत नाही, हेही लिहा. स्वतःचे चौदा हजार मात्र पूर्ण दाखवा. पगार लपवणाऱ्या आईच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही मग विश्वास बसत नाही.

आदेश झाला आणि त्याने दिले नाहीत तर? वसुलीचा अर्ज करायचा. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही. पगारातून परस्पर कपातीचा आदेशही मागता येतो. नोकरदार माणसाच्या बाबतीत मला तोच जास्त पसंत आहे. बाप तुरुंगात गेल्याने पोरांच्या ताटात काही पडत नाही, आणि मुलाच्या मनात ते कायमचं राहतं. फक्त एक मुदत पाळा: कलम १४४ च्या थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. ‘देतील कधीतरी’ म्हणून दोन वर्षं गप्प बसलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा जुन्या महिन्यांसाठी हा सोपा मार्ग बंद झालेला असतो.

मुलं मोठी होतील तसा खर्च वाढेल. पोटगी वाढवून मागता येते (कलम १४६), आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलतो. ताब्याचा कुठलाच आदेश कायमचा नसतो. हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. आज तुम्हाला ताबा मिळाला आणि उद्या तुम्ही भेटी अडवल्यात, तर तो पुन्हा प्रश्नात येऊ शकतो. पोटगी सामान्यतः अठरा वर्षांपर्यंत. अविवाहित मुलीला स्वतःचं भागवता येत नसेल तर त्यानंतरही वडिलांकडून मागता येते. मुलाच्या पदवीचा, वसतिगृहाचा खर्च तडजोडीच्या अटींमध्ये आत्ताच लिहून घ्यावा. नंतर त्यासाठी भांडणं अवघड जातं.

तडजोडीबद्दल. कौटुंबिक न्यायालयात केस आधी समुपदेशकांकडे जाते, आणि अनेकांना ती वेळकाढू पायरी वाटते. तिथे मन लावून बसा. तुमच्या प्रकरणात ताब्यावर खरी लढाई आहे की नवऱ्याला पोटगी टाळायची आहे, हे तिथल्या पहिल्या दोन बैठकांतच कळेल. मुलं तुमच्याजवळ, महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीचा अर्धा भाग वडिलांकडे, अशी मांडणी मी कितीतरी कुटुंबांत नीट चाललेली बघितली आहे. मुलगी तीनच वर्षांची असल्याने तिचा मुक्काम सुरुवातीला लहान ठेवावा लागेल. पुरसीस, म्हणजे तडजोडीच्या अटींचं कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, लिहिताना ‘सोयीनुसार भेट’ असे शब्द मात्र येऊ देऊ नका. वार, वेळ, ठिकाण, सोडायला कोण येणार, गणपतीत कुठे, वाढदिवसाला कुठे, आजारी पडल्यास भेट कधी भरून काढायची, सगळं लिहा. ‘सोय’ कोणाची, यावरूनच पुढची भांडणं होतात. आणि आजीचंही बघा. नातवासाठी जीव टाकणारी आजी ही मुलाची मोठी ठेव आहे. सुनेचं तिच्याशी पटत नसलं तरी मुलाचं पटत असेल, तर भेटीत तिला जागा ठेवा.

वकिलाच्या फीची चिंता तुम्ही लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन क्रमांक १५१००. जाताना लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, आधार कार्डं, शाळेच्या पावत्या, तुमच्या बँकेचा वर्षभराचा उतारा आणि नवऱ्याचे ते धमकीचे मेसेज घेऊन जा. मेसेज फोनमधून पुसू नका आणि फोन बदलू नका. छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील करून देतील. दिलेला वकील आवडला नाही तर बदलून मागता येतो.

मारहाणीबद्दल मी वर विचारलंय, त्याचं उत्तर इथे सगळ्यांसमोर लिहू नका, थेट वकिलालाच सांगा. नोटीस आधी नवऱ्याकडून तुम्हाला आली, तर तिच्यावरची तारीख न चुकवता हजर व्हा. एकतर्फी आदेश झाला की तो रद्द करून घेण्यातच पुढचे महिने जातात.